अर्जाआधीची दोन वर्षं



कर्जबाजारीपणा हा विषय व्याख्यानमालेत सहसा कुणी मागत नाही. तुम्ही तो मान्य केलात, याबद्दल मी संयोजकांचा ऋणी आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची सारी हयात दिवाणी न्यायालयात गेली आणि ऋणकोचं वकीलपत्र घेणं त्यांना कधी कमीपणाचं वाटलं नाही. म्हणून हा विषय याच व्यासपीठावर मांडावा, असं मला वाटलं.

मला जे सांगायचं आहे ते आधीच सांगून टाकतो. नादारीचा अर्ज न्यायालयात दाखल होतो, त्या दिवशी माणसाचं काय होणार ते ठरत नाही. ते त्याच्या आधीच्या दोन-तीन वर्षांत ठरून गेलेलं असतं. तू किती बुडवलंस, यापेक्षा बुडताना कसा वागलास, हे कायदा जास्त बारकाईनं विचारतो. आणि आपल्याकडची माणसं नेमकी त्याच काळात, बहुतेक वेळा अब्रूच्या धास्तीनं, अशा गोष्टी करून बसतात की नंतर कायद्याला इच्छा असूनही त्यांना हात देता येत नाही.

नादारीचा कायदा मुळात शिक्षेसाठी आलेला नाही, हे आधी लक्षात घेऊ. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकरी सावकारांवर चालून गेले आणि त्यांनी कर्जरोखे आणि वह्या जाळल्या. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. सरकारला चौकशी करावी लागली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा आला. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं त्या कायद्यानं थांबवलं आणि ग्रामीण ऋणकोसाठी नादारीची वाट मोकळी केली. पुढे १९०९ मध्ये मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या तीन शहरांसाठी एक आणि १९२० मध्ये उरलेल्या मुलखासाठी दुसरा, असे नादारीचे दोन कायदे झाले. प्रामाणिक माणूस कर्जात बुडाला तर त्याची मालमत्ता धनकोंमध्ये न्यायानं वाटावी आणि त्याला पुन्हा उभं राहू द्यावं, हा या सगळ्यामागचा विचार आहे.

या कायद्याकडे वळतानाच पहिली चूक होते. माणूस चुकीच्या दारात जाऊन उभा राहतो. २०१६ मध्ये देशात नवी दिवाळखोरी संहिता आली, हे सगळ्यांच्या कानावर आहे. त्यामुळे बऱ्याच जणांची समजूत अशी की आता त्या संहितेखाली अर्ज केला की वैयक्तिक कर्जं माफ होतात. वस्तुस्थिती तशी नाही. व्यक्तींच्या दिवाळखोरीचा त्या संहितेतला भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांसाठी. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही मर्यादित अंमलबजावणी वैध ठरवली. म्हणजे आपल्या खासगी कंपनीच्या कर्जावर जामीन म्हणून सही केलेला संचालक राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जाईल. पण नोकरदार, दुकानदार, रिक्षाचालक, स्वतःच्या नावावर धंदा करणारा कारागीर यांच्यासाठी आजही तेच शंभर वर्षांपूर्वीचे कायदे आहेत. मुंबई शहरात उच्च न्यायालय, बाहेर जिल्हा न्यायालय. संहितेत अगदी गरिबांसाठी 'नव्यानं सुरुवात' अशी एक तरतूद लिहून ठेवली आहे. तिच्या अटी अशा: वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, कर्ज ३५,००० पर्यंत आणि स्वतःचं घर नको. तीही अजून अमलात आलेली नाही. म्हणून ‘सगळं कर्ज माफ करून देतो’ म्हणत कुणी आगाऊ फी मागत असेल, तर तो कुठल्या न्यायालयात आणि कुठल्या कायद्याखाली अर्ज करणार आहे, ते आधी कागदावर लिहून मागा.

आता अर्जाआधीच्या त्या दोन-तीन वर्षांकडे येतो. समजा, एकाचं वर्कशॉप आहे. बँकेचं कर्ज आहे, पतसंस्थेचं आहे, दोन क्रेडिट कार्डं आहेत, मेहुण्याकडून घेतलेले हातउसने आहेत आणि एका सावकाराला कोरे चेक दिलेले आहेत. मोठ्या गिऱ्हाइकानं बिल थकवलं आणि हप्ते चुकू लागले. हा माणूस पुढे काय करतो?

पहिल्यांदा तो नवं कर्ज काढून जुन्याचा हप्ता भरतो. कार्डावरून रोख उचलतो, मोबाइलवरच्या अ‍ॅपवरून आठवड्याच्या मुदतीचं कर्ज घेतो, बायकोचं सोनं गहाण टाकतो. त्याच्या मनात फसवणूक नसते. हा महिना निघाला की सावरेल, अशी त्याला आशा असते. पण १९२० च्या कायद्याचं ४२ वं कलम उघडून पाहा. नादाराला कर्जातून पूर्ण मुक्तता नाकारण्याची कारणं त्यात दिली आहेत. फेडता येईल अशी वाजवी अपेक्षा नसताना कर्ज काढलं, हे त्यातलं एक. आपण नादार झालो आहोत हे कळूनही व्यापार चालू ठेवला, हे दुसरं. सट्टा, जुगार, ऐपतीबाहेरची उधळपट्टी हे तिसरं. आधीच्या तीन वर्षांचे हिशेब नीट ठेवले नाहीत, हे चौथं. ज्या दिवशी मिळकतीतून हप्ते निघत नाहीत हे स्पष्ट झालं, त्या दिवशी नवं कर्ज घेणं थांबवायचं. हिशेबाची वही मात्र त्याच दिवसापासून अधिक काटेकोर ठेवायची. बहुतेक लोक याच्या उलट करतात. कर्ज वाढवतात आणि वही बंद करतात.

त्यानंतरचा सल्ला घरातूनच येतो, नाहीतर चहाच्या टपरीवरून. ‘घर वहिनींच्या नावावर करून टाक.’ मग घाईघाईनं बक्षीसपत्र होतं, किंवा भावाला नाममात्र किमतीचं खरेदीखत करून दिलं जातं. श्रोतेहो, या एका कृतीनं जितक्या प्रामाणिक माणसांचं नुकसान झालं असेल, तितकं क्वचितच दुसऱ्या कशानं झालं असेल. प्रामाणिकपणे आणि योग्य मोबदला देऊन कुणी मालमत्ता घेतली असेल, तर तो व्यवहार टिकतो. पण मोबदल्याशिवाय केलेलं हस्तांतर अर्जाआधीच्या दोन वर्षांतलं असेल, तर न्यायालय ते रद्द करू शकतं. मुंबईच्या १९०९ च्या कायद्यातही हीच दोन वर्षांची मुदत आहे आणि नव्या संहितेतही कमी किमतीत केलेल्या व्यवहारांसाठी हीच आहे. म्हणजे घर वाचत नाही, मुद्रांक शुल्क जातं आणि माणसाच्या कपाळी मालमत्ता दडवणारा असा शिक्का बसतो. फसवणुकीच्या हेतूनं मालमत्ता लपवणं हा गुन्हा आहे आणि १९२० च्या कायद्याखाली त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शिवाय पत्नीला न सांगता तिच्या नावावर घर केलं, तर उद्या न्यायालयात उत्तरं द्यायला तिलाही उभं राहावं लागतं.

यातली खरी शोकांतिका अशी की माणूस जे वाचवायला धडपडतो, त्यातलं बरंचसं कायद्यानं आधीच राखून ठेवलेलं असतं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं ६० वं कलम जप्तीतून काय काय सुटतं ते सांगतं. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रूढीनुसार स्त्रीला अंगावरून उतरवता न येणारे दागिने, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं आणि बैल, शेतकऱ्याचं राहतं घर, पगारातला मोठा हिस्सा, निवृत्तिवेतन, भविष्य निर्वाह निधी, आयुर्विम्याची रक्कम. ज्याला ही यादी ठाऊक आहे, त्याला रात्री उठून नोंदणी कार्यालयाचा विचार करावा लागत नाही.

आणि हीच यादी ठाऊक नसल्यानं उलट्या दिशेचीही चूक होते. भविष्य निर्वाह निधीतले पैसे काढले जातात, विमा मुदतीआधी मोडला जातो आणि ती रक्कम चार-सहा हप्त्यांत संपते. फेडीची इच्छा चांगली आहे, तिचा मी आदर करतो. पण सगळं कर्ज फिटण्यासारखं नसेल, तर म्हातारपणाची पुंजी अशा हप्त्यांत घालून कुणाचंच भलं होत नाही. निधीत असताना त्या पैशाला कायद्याचं जे संरक्षण होतं, ते बचत खात्यात आल्यावर राहीलच याची खात्री देता येत नाही. म्हणून तिथे हात घालण्याआधी, एकूण देणं किती आणि यातून ते खरंच संपणार आहे का, हे लिहून पाहावं.

आता सगळ्यात नाजूक गोष्टीकडे येतो. शेवटच्या दिवसांत हातात दोन-चार लाख आले, तर माणूस ते आधी कुणाला देतो? बँकेला देत नाही. मेहुण्याला देतो, सासऱ्यांना देतो, भिशीतल्या शेजाऱ्याला देतो. ‘बँकेचं काय, ती मोठी आहे. नात्यात तोंड कसं दाखवू?’ हा विचार मला पूर्ण समजतो. मराठी घरांत हातउसन्या पैशाला जी किंमत आहे, ती कुठल्याच करारनाम्याला नाही. पण नादारीच्या कायद्याचा पाया असा आहे की एकाच पायरीवरच्या सगळ्या धनकोंना सारखा न्याय मिळाला पाहिजे. मेहुण्याला चार लाख गेले, म्हणजे ते कच्चा माल देणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याच्या वाट्यातून गेले आणि त्या व्यापाऱ्यालाही घर आहे. म्हणून अर्जाआधीच्या तीन महिन्यांत एखाद्या धनकोला इतरांवर झुकतं माप देण्याच्या हेतूनं केलेली फेड, नादाराची मालमत्ता ताब्यात घेणाऱ्या न्यायालयाच्या रिसीव्हरविरुद्ध टिकत नाही. कंपनीच्या हमीदारांसाठी नव्या संहितेत हीच मुदत सहा महिने आहे आणि नातेवाईक किंवा निकटच्या माणसाला फेड केली असेल तर दोन वर्षं. परिणाम असा होतो की जे नातं टिकवायला पैसे दिले, त्याच नातेवाइकाच्या दारात ते परत मागणारी नोटीस जाते. त्यापेक्षा मेहुण्याला बोलावून घ्यावं आणि खरं सांगावं. त्याचं नाव धनकोंच्या यादीत घालावं आणि इतरांबरोबर जे मिळेल ते त्यालाही मिळेल, असं समजावून द्यावं. हे बोलणं कठीण आहे. पण नंतर येणारी नोटीस याहून कठीण असते.

यादीचा विषय निघालाच आहे तर तोही पुरा करतो. अर्जात सगळे धनको, त्यांचे पत्ते, देण्याची रक्कम आणि मालमत्तेचा पूर्ण तपशील द्यावा लागतो. इथे लोक दोन नावं हमखास गाळतात. एक नातेवाइकाचं, लाजेनं. दुसरं सावकाराचं, भीतीनं. सावकाराचं नाव तर लिहायलाच हवं. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी करणं हा त्याखाली गुन्हा आहे आणि अवैध सावकारीत हडपलेली जमीन परत मिळवण्यासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये, हा दामदुप्पटीचा जुना नियमही आपल्या मुलखात न्यायालयांनी मानलेला आहे. सावकार सांगतो तो आकडा अंतिम धरून त्याला गुपचूप देत राहणं, म्हणजे कायद्यानं दिलेलं हत्यार टाकून देणं आहे.

पुढची चूक म्हणजे पोस्टमनला टाळणं. नोटीस घेतली नाही म्हणजे ती लागू झाली नाही, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजली आहे. नोटीस नाकारली तरी प्रकरण पुढे जातं, एकतर्फी हुकूमनामा होतो आणि मग बेलिफ दरखास्तीचा कागद घेऊन दारात येतो. चेक न वटल्याची नोटीस मिळाल्यावर रक्कम भरायला १५ दिवस मिळतात. ते हातचे गेले की फौजदारी खटला उभा राहतो. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं. नादारीचा अर्ज केला म्हणून हा खटला आपोआप मिटत नाही. घर तारण असेल तर बँकेच्या मागणी नोटिशीनंतरचे ६० दिवस हे बोलणी करायला मिळालेले दिवस असतात. त्या दिवसांत घराला कुलूप लावून गावी जाणं, हा सगळ्यात महाग पडणारा प्रवास आहे.

जामीनदाराचंही तसंच. आपल्याकडे पतसंस्थेच्या कर्जाला दोन जामीनदार लागतात. ते बहुधा सहकारी शिक्षक, कारखान्यातला सोबती, नाहीतर चुलतभाऊ असतात. १८७२ च्या करार कायद्यानुसार त्यांची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. नादाराला मुक्तता मिळाली तरी जामीनदार सुटत नाही. म्हणजे तुम्ही अर्ज केला की वसुलीचा रोख त्यांच्या पगाराकडे वळतो. त्यांना हे पतसंस्थेच्या पत्रातून कळावं, यासारखा दगा नाही. अर्ज करण्याआधी त्यांच्यासमोर बसा. शक्य असेल तर त्यांना घेऊनच पतसंस्थेत जा.

नादारीनं सगळंच धुऊन निघतं, असंही समजू नका. सरकारी देणी, फसवणुकीतून झालेलं कर्ज आणि बायकोमुलांची पोटगी मुक्ततेनंतरही उभीच राहतात. तारण असलेल्या धनकोचा तारणावरचा हक्क कायम राहतो. शिवाय नादार ठरल्यावर मुक्ततेसाठी ठरलेल्या मुदतीत वेगळा अर्ज करावा लागतो. तो केला नाही तर आधीचा आदेशच रद्द होऊ शकतो. मुक्तता मिळेपर्यंत आपण नादार आहोत हे न सांगता ५० रुपये किंवा त्याहून जास्त उधारी घेणं हाही गुन्हा आहे. आकडा जुन्या काळातला असला, तरी तो पुस्तकात आहे. मुक्त न झालेल्या नादाराला संसद आणि विधिमंडळाचं सदस्य होता येत नाही, ही तर राज्यघटनेतलीच तरतूद आहे.

एवढं सगळं ऐकून कुणी घाबरून जाऊ नये. कारण घाबरूनच या चुका होतात. केवळ पैसे नाहीत म्हणून माणसाला तुरुंगात टाकता येणार नाही. ऐपत असून बुडवण्याचा वाईट हेतू दिसला पाहिजे, असं १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात सांगितलं. वसुली एजंटांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, असं २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बजावलं. नादार ठरल्यावर न्यायालयाच्या परवानगीशिवाय साध्या धनकोंना वसुलीची कारवाई पुढे रेटता येत नाही. ही संरक्षणं खरी आहेत. ती मागावी लागतात, एवढंच.

आणि नादारी हा पहिला उपाय नाही. आधी बँकेकडे लेखी अर्ज करून हप्त्यांची फेररचना मागावी. एकरकमी तडजोड होत असेल तर आकडा, तारीख आणि ना-देय दाखल्याचं आश्वासन हे सगळं लेखी घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. एजंटाच्या तोंडी शब्दावर भरलेले पैसे नुसते व्याजात जमा होतात. लोकन्यायालयात झालेल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं, तिच्यावर अपील नसतं आणि भरलेलं न्यायालय शुल्क परत मिळतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण प्रत्येक जिल्हा न्यायालयात आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना तिथे मोफत वकील मिळतो. हे सगळं करूनही देणं आवाक्याबाहेर असेल, तर नादारीचा अर्ज करावा आणि मान वर करून करावा.

शेवटची चूक कायद्याच्या पुस्तकात नाही. माणूस हे सगळं एकटा सोसतो, ही ती चूक. घरात सांगत नाही, मित्राला सांगत नाही. आपल्या राज्यानं कर्जापायी किती माणसं गमावली, हे तुम्हाला मी सांगायला नको. कर्जाच्या विचारानं कुणाला जगणंच नकोसं वाटत असेल, तर वकिलाच्याही आधी जवळच्या माणसाशी बोला. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, तिथे फोन करा. रकमेवर तोडगा निघतो, न निघाला तर कायदा आहे. गेलेलं माणूस मात्र कुठल्याही न्यायालयाला परत आणता येत नाही.

सरकारकडे माझं मागणं स्पष्ट आहे. २०१६ च्या संहितेतली सामान्य माणसासाठीची प्रकरणं अमलात आणा, 'नव्यानं सुरुवात' करण्याच्या मर्यादा आजच्या महागाईला धरून वाढवा आणि प्रत्येक तालुक्यात कर्जदाराला फुकट, निःपक्ष सल्ला मिळेल अशी जागा उभी करा. मोठ्या कंपन्यांना पुन्हा उभं राहण्यासाठी या देशानं स्वतंत्र न्यायाधिकरणं दिली. वर्कशॉपवाल्यानं त्यासाठी १९२० च्या कायद्याकडे का पाहावं?

पण कायदा बदलेपर्यंत आपण थांबू शकत नाही. म्हणून तुमच्याकडेही एक मागणं आहे. तुमच्या ओळखीत हप्ते चुकू लागलेला कुणी असेलच. त्याला उसने पैसे देणं जमलं नाही तरी चालेल. त्याच्याबरोबर एक संध्याकाळ बसा. सगळी देणी, सगळे धनको, सगळी मालमत्ता, काहीही न लपवता, एका कागदावर त्याच्याकडून लिहून घ्या. ज्या क्षणी तो कागद पूर्ण होतो, त्या क्षणी वर सांगितलेल्या बहुतेक चुकांची वाट बंद होते. उद्या वकील, बँक, न्यायाधीश, सगळे तोच कागद मागणार आहेत. तो घाईत आणि भीतीपोटी लिहिण्याऐवजी वेळेवर आणि खरा लिहिलेला असला, तर आपल्या कायद्यात, त्यातल्या सगळ्या उणिवांसकट, त्या माणसाला सोडवण्याइतकी माणुसकी नक्कीच आहे.